भाषणानं रुपया हलतो का?

प्रश्न कळव्याच्या एका तरुणीचा आहे. थोडक्यात असा: "मी घणसोलीला नोकरी करते. रोज आधी उलटं ठाण्याला जायचं, पूल चढायचा, नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडायची. ऐरोली–कळवा जोडमार्ग झाला की हा हेलपाटा वाचेल, असं कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. दर फेब्रुवारीत संसदेत बजेटवर भाषणं होतात, खासदार आपापल्या भागासाठी पैसे मागतात. त्या चर्चेनं खरंच काही ठरतं का? आणि माझ्या पगारातून कापलेला टॅक्स जातो कुठे?"

मी ३४ वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात घालवली. आता निवृत्त होऊन नौपाड्यात राहतो. संध्याकाळी तलावपाळीवर फिरताना ओळखीचं कुणी भेटलं, की हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतो. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. लोकसभेतल्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांनी त्या वर्षीचा एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. आणि तुमच्या जोडमार्गाचं घोडं पैशावर अडलेलंही नाही. या दोन्ही गोष्टी नीट कळल्या, तर कुणाला काय विचारायचं ते आपोआप कळेल.

अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्याआधी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी यायचा आणि रेल्वेचा वेगळा असायचा. ती १९२४ पासूनची पद्धतही त्याच वर्षी मोडली. सभागृहात कागद येतात तेव्हा प्रत्येक मंत्रालयाची 'अनुदानाची मागणी' आकड्यासकट छापलेली असते. आता घटनेचं ११३ वं कलम बघा. लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा त्यातली रक्कम कमी करू शकते. वाढवण्याचा अधिकार तिला दिलेलाच नाही, कारण मागणी राष्ट्रपतींच्या, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या शिफारशीशिवाय येऊच शकत नाही. म्हणजे एखादे खासदार उभे राहून "माझ्या मतदारसंघाला शंभर कोटी वाढवून द्या" म्हणतात, तेव्हा ते ज्या सभागृहाकडे मागत असतात त्याच्या हातात ते देणं नसतं. मंत्र्यांच्या कानावर घालणं, इतकाच त्या भाषणाचा उपयोग.

कमी करायची सोय मात्र आहे, तिला कपात सूचना म्हणतात. मंत्रालयाचं धोरणच मान्य नसेल तर सगळी मागणी १ रुपयावर आणा, असं सुचवता येतं. एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कापा म्हणायचं. लाखो कोटींच्या हिशेबात १०० रुपये! पण ती सूचना मंजूर झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असा अर्थ होतो, म्हणून बहुमतवाल्या सरकारपुढे ती टिकत नाही. मांडतात, बोलतात आणि आवाजी मतदानात ती पडते.

हेसुद्धा सगळ्या मंत्रालयांच्या नशिबी नसतं. दरवर्षी चार-पाच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. बाकीच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एकगठ्ठा मतास टाकतात. याला संसदेच्या बोलीत गिलोटिन म्हणतात, म्हणजे मुंडकं छाटायचं यंत्र, आणि नाव अगदी चपखल आहे. मार्च २०१८ मध्ये तर गोंधळातच अर्ध्या तासाच्या आसपास वित्त विधेयक (करांचं) आणि विनियोजन विधेयक (खर्चाचं) दोन्ही लोकसभेत चर्चेशिवाय मंजूर झाली. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प असाच गेला. राज्यसभेचं तर बोलायलाच नको. धन विधेयक ती १४ दिवस ठेवून घेऊ शकते, सुचवू शकते. अडवू शकत नाही.

शिवाय सगळा खर्च मतालाही पडत नाही. सरकारी हिशेबात दोन रकाने असतात: दत्तमत, म्हणजे मताला टाकायचा, आणि भारित, म्हणजे मताविना होणारा. न्यायाधीशांचे पगार, कॅगचं (देशाच्या महालेखापरीक्षकांचं) कार्यालय, आणि मुख्य म्हणजे कर्जावरचं व्याज हा भारित खर्च. त्यावर बोलता येतं, मत देता येत नाही. आणि हे भारित काही चिल्लर नव्हे.

इथे तुमच्या टॅक्सच्या प्रश्नाकडे येऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा आकार ५०.६५ लाख कोटी रुपये. सोबत 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' असं चित्र छापतात. येणाऱ्या रुपयात २४ पैसे कर्जाचे, २२ पैसे तुमच्यासारख्यांच्या आयकराचे, १८ पैसे जीएसटीचे, १७ पैसे कंपन्यांच्या कराचे. जाणाऱ्या रुपयात २२ पैसे राज्यांचा करातला वाटा, २० पैसे व्याज, ८ पैसे संरक्षण, ४ पैसे निवृत्तिवेतन (त्यात माझेही काही अणुरेणू असतील). म्हणजे आयकरातून जवळपास जेवढं येतं तेवढं जुन्या कर्जाच्या व्याजात जातं. अर्थात पैशावर नाव लिहिलेलं नसतं. तुमचाच टॅक्स व्याजात गेला आणि शेजाऱ्याच्या टॅक्समधून पूल झाला, असं काही नसतं. सगळं एकाच संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य खजिन्यात, पडतं आणि तिथूनच बाहेर येतं.

एक बारीक गोष्ट, कारण यावर हमखास वाद होतात. व्याजाची रक्कम १२.७६ लाख कोटी आहे. ५०.६५ ला भागलं तर २५ टक्के येतात, मग चित्रात २० पैसेच कसे? कारण चित्रातल्या रुपयात राज्यांना द्यायचा करातला वाटाही धरतात, अर्थसंकल्पाच्या एकूण खर्चात तो धरत नाहीत. टीव्हीवर दोन माणसं दोन आकडे घेऊन भांडतात तेव्हा बरेचदा दोघंही खरं बोलत असतात. फक्त भाजक वेगळा असतो.

राज्यांच्या वाट्याचं गणितही करून बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना ठरवून दिला आणि त्या हिश्शात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के. म्हणजे त्या काळात वाटपयोग्य १०० रुपयांतले महाराष्ट्राच्या हाती साधारण २ रुपये ५९ पैसे. हा आकडा सांगितला की लोक खवळतात: "मुंबई-ठाण्यातून एवढा कर जातो आणि परत इतकाच?" राग समजतो, पण निम्माच खरा आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत म्हणून तिचा कर मुंबईत भरला जातो. तिचा कारखाना झारखंडात असेल, गिऱ्हाईक बिहारमध्ये. न्हावाशेव्याला भरलेलं सीमाशुल्क बघा, त्यातले कितीतरी कंटेनर रेल्वेनं थेट उत्तरेकडे जातात. कर कुठे गोळा झाला आणि कुणाच्या खिशातून गेला, या वेगळ्या गोष्टी आहेत.

रागच धरायचा तर तो 'वाटपयोग्य' या शब्दाचा धरा. उपकर आणि अधिभार (मूळ करावर वरून लावलेले जादा आकार) वाटपात येत नाहीत. एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचं लिटरमागे २१ रुपये ९० पैसे उत्पादन शुल्क झालं. त्यातलं मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे, आणि राज्यांच्या वाटपात तेवढंच येतं. उरलेलं सगळं उपकर आणि विशेष शुल्कं. संसदेतली चर्चा इथे रंगायला हवी. रंगते ती भाव महागला की स्वस्त झाला यावर.

जीएसटीचे दर तर संसदेच्या दारातून जातच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते जीएसटी परिषदेत ठरतात, जिथे केंद्राचं मत एक तृतीयांश आणि राज्यांची मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला नको असलेलं काहीही तिथे होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या, तो निर्णयही परिषदेचा. अधिसूचना निघाल्या आणि दर बदलले.

मग चर्चा निरर्थक आहे का? नाही. तिचा परिणाम त्या वर्षीच्या रकान्यात शोधला तर सापडत नाही, एवढंच. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितलं की देशातली २७ कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी नियोजन आयोगाच्या हवाल्यानं पंधरा आणे सांगितले. त्या वादानं कुठल्या मागणीत रुपयाची वाढ झाली नाही. पण सरासरी म्हणजे काय, तिच्या खालची माणसं मोजायची कशी, हा प्रश्न त्यानंतर सरकारला टाळता आला नाही. चांगल्या चर्चेनं एवढं झालं तरी मी ते पुष्कळ समजतो.

प्रत्यक्ष पैशाच्या जवळ जाणारं काम कॅमेऱ्यापासून दूर चालतं. अर्थसंकल्प मांडून झाला की सभागृहाला मधली सुट्टी लागते. लोकांना वाटतं खासदार गावी गेले. त्या काळात विभागवार स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. १९९३ मध्ये या समित्या सुरू झाल्या, तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. दार बंद असतं, म्हणून कुणी टाळ्यांसाठी बोलत नाही. सचिवांना समोर बसवून विचारतात: मागच्या वर्षी एवढे मागितले, तेवढे मिळाले, त्यातले निम्मेच का खर्चले? समितीची शिफारस बंधनकारक नसते, पण मंत्रालयाला तिच्यावर काय केलं ते तीन महिन्यांत लेखी कळवावं लागतं. एकदा लेखी आलं की पुढच्या वर्षी तोच कागद त्यांच्याच समोर ठेवता येतो.

नंतरचं टोक म्हणजे आमचं, लेखापरीक्षेचं. कॅगचा अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. या समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे असतं, हा आपल्या संसदेतला एक शहाणा संकेत. उशीर होतो, हे कबूल. पण एक उदाहरण सांगतो. जीएसटीमुळे राज्यांचं जे नुकसान होईल ते भरून देण्यासाठी वेगळा उपकर लावला होता. तो वेगळ्या निधीत जमा व्हायला हवा होता. २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांत त्यातले ४७,२७२ कोटी रुपये त्या निधीत गेलेच नाहीत, संचित निधीतच राहिले, हे कॅगनं काढलं. सभागृहातल्या कुठल्याच भाषणात ते सापडलं नव्हतं. हिशेबाच्या वह्यांत सापडलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात: तरतूद म्हणजे खर्च नव्हे आणि खर्च म्हणजे काम नव्हे. मी नवखा असताना एका जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाची तपासणी करत होतो. क्ष-किरण यंत्र ३१ मार्चच्या बिलावर घेतलेलं. मागणी बरोबर, निविदा बरोबर, पावती बरोबर, उपयोगिता प्रमाणपत्रसुद्धा दिलेलं. यंत्र कुठे आहे म्हणून विचारलं तर व्हरांड्यात, खोक्यात, वर जुन्या गाद्या रचलेल्या. ज्या खोलीत बसवायचं तिथे थ्री-फेज वीजच नव्हती. वीज दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या सदरातून) यायची होती आणि त्या खात्यानं ते वर्ष कोरडं सोडलं होतं. कागदावर शंभर टक्के खर्च, आणि रुग्ण रिक्षानं खासगीत.

तुमच्या जोडमार्गाचंही जवळजवळ असंच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १०,९४७ कोटींचा एमयूटीपी-३, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा तिसरा टप्पा, मंजूर केला. त्यात पनवेल–कर्जत, विरार–डहाणू आणि तुमचा ऐरोली–कळवा उन्नत मार्ग. तुमच्या मार्गाचा अंदाज ४७६ कोटी, म्हणजे तिघांत सगळ्यात धाकटा. खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा, वर आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं ५० कोटी डॉलरचं कर्ज. त्यातला दिघा गाव स्थानकाचा तुकडा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढचा, कळव्याला जोडणारा, उन्नत तुकडा रखडला तो जागेवर. मार्गात घरं आहेत, त्या माणसांना दुसरीकडे घर दिल्याशिवाय खांब उभा राहत नाही, आणि ते घर रेल्वे देत नाही. ते राज्याच्या यंत्रणांचं काम. इथेच घोडं पेंड खातं.

म्हणजे दिल्लीत उभं राहून "ऐरोली–कळव्याला निधी द्या" म्हणणं हे व्हरांड्यातल्या यंत्रासाठी आणखी एक यंत्र मागण्यासारखं आहे. रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे कामवार तरतुदींच्या पुस्तकात, एमयूटीपी-३ च्या नावापुढे आकडा येतो, वर्ष सरतं, आकडा कमी करून सुधारित अंदाजात येतो. दोष कुणा एकाचा काढणं सोपं आहे. पण प्रकल्पाचे पैसे ज्यांच्याकडे त्यांच्याकडे जागा नाही, आणि जागा मोकळी करण्याची जबाबदारी ज्यांची त्यांच्या अर्थसंकल्पात हे काम ठळक दिसत नाही. हा अनुभव तुम्हा कळवेकरांना नवा नाही. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ च्या मंजुरीतली, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये.

याउलट खाडीपलीकडे बघा. नवी मुंबईतली रेल्वे केंद्राच्या कृपेनं आली असं पुष्कळांना वाटतं. तुर्भे, वाशी, नेरूळ, उरण या मार्गांच्या खर्चात सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाचा) वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३. सिडकोकडे पैसा आला भूखंड विकून, आणि गंमत म्हणजे रेल्वे येणार म्हटल्यावरच भूखंडांना भाव आला. वर कितीतरी वर्षं या मार्गांवरच्या तिकिटावर सिडकोचा अधिभार होता, जो बहुतेक प्रवाशांना माहीतही नव्हता. म्हणजे नवी मुंबईकरानं रेल्वेसाठी घर घेताना पैसे दिले, तिकीट काढताना दिले आणि आयकर भरताना दिले. पण मार्ग झाले, कारण जागा आणि पैसा एकाच हातात होते. मानखुर्द–वाशी १९९२ मध्ये धावली, ठाणे–वाशी २००४ मध्ये. सिडकोवर टीका करायला मला इतर शंभर कारणं आहेत, या बाबतीत नाही.

ठाण्याची महापालिका असं करू शकत नाही. तिचं स्वतःचं मोठं उत्पन्न आधी जकातीचं होतं. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि जीएसटीनंतर राज्य सरकार दरमहा नुकसानभरपाई देतं, पायाभूत वर्षावर दरसाल ८ टक्के वाढ धरून. नाक्यावर ट्रकच्या रांगा लावणारी जकात मला कधीच आवडली नव्हती. पण ती शहराच्या हातात होती. आता महिन्याच्या सुरुवातीला मंत्रालयाकडे डोळे लावून बसायचं.

तेव्हा तुम्ही काय करावं? खासदारांना भाषण करायला सांगू नका. लेखी प्रश्न द्यायला सांगा. रोज २० तारांकित (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. आपल्याला अतारांकितच हवा, कारण त्याचं उत्तर छापील येतं आणि गोंधळात सभागृह बंद पडलं तरी ते पटलावर ठेवलं जातं. प्रश्न असा द्या: एमयूटीपी-३ मधल्या ऐरोली–कळवा मार्गाचा मूळ खर्च किती, सुधारित किती, मंजुरीपासून वर्षवार तरतूद किती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती, राज्याच्या निम्म्या वाट्यातले किती आले, किती कुटुंबांचं पुनर्वसन बाकी आहे आणि ते कुणाकडे अडलं आहे. तरतूद, सुधारित, प्रत्यक्ष हे तीन शब्द गाळू देऊ नका. एकटी तरतूद विचारलीत तर उत्तर नेहमी भरघोस येतं. "काम प्रगतिपथावर आहे" असल्या वाक्याला जागाच ठेवायची नाही.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि पुढे चिठ्ठीत नंबर लागावा लागतो. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कार्यालयात कागद नेऊन द्या, स्वीय सहायकाकडून पोच घ्या. तिथे तुमच्यासारखी पाच-सहा नावं खाली सह्यांसकट असतील तर बरं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवर सकाळी साडेआठला ती अर्ध्या तासात मिळतील. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. त्यात पुनर्वसन "राज्य शासनाकडे प्रलंबित" असं लिहून आलं, आणि माझा अंदाज आहे तसंच येईल, तर त्याच कागदाची प्रत जोडून तोच प्रश्न मार्चमध्ये आपल्या आमदारांकडे द्या, विधानसभेसाठी, गृहनिर्माण आणि नगरविकास या दोन खात्यांच्या नावानं वेगवेगळा. एकाच खात्याला विचारलात तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होईल. मसुदा लिहिताना अडलात तर मला पाठवा, पाहून देईन. लेखाशीर्षं मला अजून तोंडपाठ आहेत.